दुकानातल्या पीसीवर क्रोम सोडून दुसरा कुठला ब्राउझर टाकू? (मोठं लिहिलंय, तेवढं वाचा की)

झेरॉक्स_राजारामपुरी

नमस्कार मंडळी. राजारामपुरीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे, अकरा वर्षं झाली. स्कॉलरशिप, सातबारा, पॅन, हॉल तिकीट, सीईटीचे फॉर्म, सगळं करतो. तीन पीसी हायत. एक नवा, ८ जीबी रॅम, विंडोज ११. दुसरा ४ जीबीचा, विंडोज १०. तिसऱ्यावर अजून विंडोज ७ आहे कारण जुना स्कॅनर फक्त त्याच्यावरच चालतो. तिन्हीवर पहिल्यापासून क्रोमच.

आता विचारायचं कारण सांगतो. मागच्या आठवड्यात एक कॉलेजची पोरगी स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला आल्ती. लॉगिनच्या चौकोनात तिनं मोबाईल नंबरचे पहिले दोन आकडे टाकले आणि खाली सर्रकन यादी उघडली, दहा-बारा नंबर, सगळे आधीच्या गिऱ्हाइकांचे. ती वाकून बघितली आणि म्हणाली, दादा, ह्यातला हा नंबर आमच्या गल्लीतल्या पोराचा आहे. मी कायतरी बोलून माऊस घेतला हातातनं, पण पोटात खड्डा पडला. रात्री शटर ओढल्यावर सेव्ह झालेले पासवर्ड उघडून बघितले तर ३४० च्या वर. लोकांच्या जीमेलचे, सरकारी लॉगिनचे, एकदोन तर बँकेचे पण. ब्राउझरनं दरवेळी विचारलं होतं, सेव्ह करू का म्हणून, आणि आम्हीच गर्दीत घाईघाईनं हो म्हणत गेलो. मी आणि दुकानातला मदतनीस पोरगा दोघंही. ब्राउझरला माझा स्वतःचा जीमेल लावलेला, त्यामुळं ते सगळे पासवर्ड घरी माझ्या मोबाईलवर पण आलेले. लोकांनी विश्वासानं दिलेली गोष्ट माझ्या खिशात फिरत होती आणि मला पत्ताच न्हवता.

दुसरी गोष्ट जाहिरातींची. पीडीएफ उतरवायच्या पानावर खऱ्या लिंकच्या शेजारी हिरवंगार मोठं डाउनलोडचं बटण असतंय, ते खोटं. मदतनीस दोनदा त्याच्यावर दाबला, तेव्हापासून एका पीसीवर कोपऱ्यात सारखी व्हायरस आला म्हणून नोटिफिकेशन येत्यात.

तर फायरफॉक्स टाकू का ब्रेव्ह, का एजच बरं? आणि सगळं एकदम बदलू का हळूहळू? कामाचा माणूस आहे, प्रयोग करत बसायला वेळ न्हाई, गिऱ्हाईक समोर उभं असतंय.

गगनबावडा_पाऊस

ब्रेव्ह टाका भावा, विषय कट. मोबाईलवर तीन वर्षं वापरतोय, जाहिरात कशी असती विसरलो.

उद्यमनगरी

दादा, आधी तुमचं कौतुक, कारण असले पासवर्ड अर्ध्या दुकानांत पडलेले असत्यात आणि कोण उघडून बघत न्हाई.

आता ब्राउझरचं. नावं पंचवीस आहेत पण आतलं इंजिन बघा. आमच्या भाषेत सांगतो, कास्टिंग एकाच फौंड्रीतलं आणि मशीनिंग वेगवेगळ्या शॉपमध्ये, तसा प्रकार आहे. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी, झोहोचं उला, हे सगळे क्रोमियमवर, म्हणजे गूगलनं सगळ्यांना वापरायला खुल्या ठेवलेल्या सांगाड्यावर. एजचं २०१५ ला स्वतःचं इंजिन होतं, ते सोडून जानेवारी २०२० ला मायक्रोसॉफ्ट पण क्रोमियमवर आलं. ऑपेरानं स्वतःचं प्रेस्टो २०१३ लाच सोडलं. वेगळं कास्टिंग म्हणजे फायरफॉक्सचं गेको आणि ॲपलचं वेबकिट, बस. म्हणून क्रोमवरनं ब्रेव्हला गेलं की बुकमार्क, एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरनं जोडायचे छोटे प्रोग्राम), सवयी सगळं तसंच राहतं, साईट पण सहसा अडत नाहीत. फायरफॉक्सला गेलं की थोडं वेगळं वाटतं, पण खरा बदल तोच आहे.

आता तुमच्या खोट्या बटणांचा विषय. ते अडवायला सगळ्यात चांगलं युब्लॉक ओरिजिन, जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन. पण एक्स्टेन्शनचे नियम क्रोमनं बदलले, मॅनिफेस्ट व्ही२ म्हणत्यात ते जुनं २०२४ पासून बंद करत आणलं आणि २०२५ मध्ये पूर्ण गेलं. त्यामुळं क्रोमवर आता फक्त युब्लॉक ओरिजिन लाईट मिळतं, ते कमी ताकदीचं. पूर्ण युब्लॉक फायरफॉक्सवर अजून चालतं. ब्रेव्हचं जाहिराती अडवणारं शील्ड्स हे एक्स्टेन्शन न्हाई, ब्राउझरच्या पोटातच बसवलंय, म्हणून त्याला ह्या नियमाचा फटका न्हाई. म्हणजे तुमच्यासाठी दोनच नावं, फायरफॉक्स नायतर ब्रेव्ह.

आणि ४ जीबीवाल्या पीसीवर कुठलाही टाका, वीस टॅब उघडे ठेवले की बसणारच तो. कुठला हलका ह्या वादात पडू नका, टॅब बंद करायची सवय लावा पोराला.

दसरा_चौक_आर्टिकल

सीएकडं आर्टिकलशिप करतोय म्हणून माझ्याकडनं एक धोक्याचा इशारा. दुकानात जीएसटी किंवा इन्कम टॅक्सचं डिजिटल सिग्नेचरचं काम करत असाल तर ब्राउझर बदलायच्या आधी टोकन (सहीची पेन ड्राईव्हसारखी किल्ली) लावून टेस्ट करा. जीएसटीला एमसायनर लागतं, इन्कम टॅक्सला एमब्रिज. हे दोन्ही पीसीवर वेगळे चालणारे प्रोग्राम आहेत आणि वेबसाईट ब्राउझरमधनं त्यांच्याशी बोलते. ब्रेव्ह अशा ठिकाणी संशय घेतं, पान तुमच्याच पीसीवरच्या प्रोग्रामशी का बोलतंय म्हणून, मग परवानगी द्यावी लागते. फायरफॉक्सवर मला एकदा १२७.०.०.१ वाला (म्हणजे आपल्याच पीसीचा) पत्ता उघडून सर्टिफिकेट मान्य करावं लागल्तं, मग चाललं. रिटर्नच्या शेवटच्या दिवशी हे कळलं तर घाम फुटतो, ऑफिसात माझं तसंच झाल्तं, साहेब मागं उभे आणि टोकन सापडतच न्हवतं ब्राउझरला.

म्हणून आमच्याकडं सिग्नेचरचं काम एजवर आणि बाकी सगळं फायरफॉक्सवर. इंटरनेट एक्स्प्लोरर १५ जून २०२२ ला बंद झालं तरी काही जुनी पोर्टलं त्याच्यासाठीच बांधलेली, तिथं एजमधला आयई मोड कामाला येतो. एज पीसीवर असतंच, ते काढायला जाऊ नका.

निवृत्त_गुरुजी

तुमची चर्चा वाचतो आहे. तांत्रिक मला फार समजत नाही, पण फायरफॉक्सविषयी एक अनुभव सांगतो जो कुणी सांगत नाही.

वय ७१, मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली. मराठी पानं वाचताना जोडाक्षरं एकमेकांत मिसळायची, "द्ध" आणि "द्व" ह्यातला फरक कळत नसे, "ष्ट्य" तर नुसता ठिपका दिसायचा. झूम केलं की इंग्रजीही मोठं व्हायचं आणि ओळ स्क्रीनबाहेर जायची. माझ्या भाच्यानं फायरफॉक्समध्ये सेटिंग दाखवली. फॉन्टच्या ॲडव्हान्स्डमध्ये गेलात की वर भाषालिपीची यादी येते, तिथं देवनागरी निवडायची. मग फक्त देवनागरीचा फॉन्ट आणि कमीत कमी आकार वेगळा ठरवता येतो. मी आकार २० केला. इंग्रजी होतं तसंच राहिलं आणि मराठी अक्षर फळ्यावर लिहिल्यासारखं स्वच्छ झालं. काही पानांवर आकाराला गुण येत नाही, भाचा म्हणाला की त्या पानाच्या आत भाषा मराठी म्हणून नोंदवलेलीच नसते. ज्यांनी नोंदवली आहे तिथं मात्र सुख आहे.

फायरफॉक्सचे मेनूही मराठीत मिळतात. दुकानात ज्येष्ठ मंडळी येत असतील तर एका पीसीवर तेवढं करून ठेवा.

झेरॉक्स_राजारामपुरी

गुरुजी, हे लई भारी सांगितलासा. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला येणारी माणसं मान लांब करून स्क्रीनकडं बघत असत्यात, त्यांच्यासाठी आजच करतो.

पन्हाळ्याचं_धुकं

पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, घर कोल्हापुरात. (मुलगी आहे पण मी करतो-जातो असंच म्हणणार, लहानपणापासनंची बोली आहे ती.)

दादा, तुमच्या दुकानाला ब्राउझर कुठला हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न डाउनलोड्सचा फोल्डर. आत्ता तो उघडा आणि बघा. त्यात लोकांची आधार कार्डं असणार, पीडीएफ. आणि ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड काय असतो तुम्हाला पाठ आहे, नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढं जन्मसाल. गल्लीतलं कुठलंही पोर ओळखीच्या माणसाचा तो पासवर्ड दोन मिनिटांत लावेल. तुम्ही क्रोम काढून ब्रेव्ह टाका, टॉर टाका, काहीही टाका, ती फाईल तिथंच बसणार आहे. प्रायव्हेट विंडो बंद केली तरी उतरवलेली फाईल जात नाही, हे लोकांना माहीतच नसतं. इन्कॉग्निटोवर, म्हणजे क्रोमच्या प्रायव्हेट विंडोवर, पण आंधळा विश्वास नको. त्या मोडमध्ये लोकांची माहिती गोळा झाली म्हणून अमेरिकेत गूगलवर दावा झाल्ता, २०२४ मध्ये तो मिटवताना गूगलला ढीगभर रेकॉर्ड पुसायचं कबूल करावं लागलं. आपल्याच पीसीवर मागं खूण राहू नये एवढंच काम ते करतं.

मग मी दुकानदार असतो तर काय केलो असतो ते सांगतो.

आधी स्वतःचा जीमेल त्या ब्राउझरमधनं बाहेर काढा. पण त्याच्या आधी सिंक (मोबाईलशी होणारी जुळवणी) चालू असतानाच सेव्ह पासवर्ड आणि ऑटोफिल (फॉर्म आपोआप भरायची माहिती) दोन्ही पुसा, म्हणजे तुमच्या मोबाईलवरनंही जातील. तुमचे स्वतःचे पासवर्ड त्यात असतील तर तेवढे आधी कागदावर उतरवून घ्या. सगळ्यांची सीएसव्ही फाईल काढायच्या फंदात पडू नका, त्या फाईलमध्ये पासवर्ड उघडे लिहिलेले असतात आणि नेमकी तीच डेस्कटॉपवर विसरून राहते. ती पोरगी बघितली ती यादी पासवर्डची नव्हती, ती फॉर्मच्या इतिहासाची. पासवर्ड सेव्ह बंद केलं तरी ती वेगळी बंद करावी लागते.

मग फायरफॉक्स टाका आणि प्रायव्हसीमध्ये हिस्टरी कधीच लक्षात ठेवू नको हा पर्याय निवडा. त्यानं ब्राउझर कायम प्रायव्हेट मोडमध्येच चालतो, खिडकी बंद केली की लॉगिन गेलं. पासवर्ड विचारायचंच बंद करा, म्हणजे गर्दीत हो म्हणायची वेळच येणार नाही. युब्लॉक टाकताना प्रायव्हेट विंडोत चालू दे ही टिक द्यायला विसरू नका, नाहीतर टाकूनही जाहिराती दिसत राहतील आणि तुम्ही म्हणाल चालतच नाही.

आणि एक. क्रोमवर गिऱ्हाईक जीमेल उघडतं तेव्हा तो माणूस नुसता जीमेलमध्ये नाही तर ब्राउझरमध्येच साईन इन होतो, २०१८ पासनं असं आहे. सेटिंगमध्ये ते बंद करता येतं. क्रोम ठेवणारच असाल तर ते बंद करा आणि लोकांसाठी गेस्ट मोड वापरा.

विंडोज १०-११ मध्ये स्टोरेज सेन्स आहे, डाउनलोड्समधल्या जुन्या फाईल ठरलेल्या दिवसांनी आपोआप पुसतं. पण दुकानात तेवढ्यावर थांबू नका, संध्याकाळी शटर ओढायच्या आधी हातानं पुसा, शिफ्ट डिलीट, म्हणजे रिसायकल बिनमध्ये पण नको.

देशात २०२३ ला वैयक्तिक डेटाचा कायदा झालाय. पण कायद्याचं सोडा, तुमच्याकडं आजी आधार घेऊन येते ती तुमच्या तोंडाकडं बघून येते.

गगनबावडा_पाऊस

ताईंचं बरोबर आहे, पण फायरफॉक्स पण काय धुतल्या तांदळाचं न्हाई. फेब्रुवारी २०२५ ला त्यांनी अटी बदलल्या, तुमचा डेटा विकणार नाही हे वाक्यच काढून टाकल्तं. आणि त्यांचा निम्म्याहून जास्त पैसा गूगलकडनंच येतोय, सर्च ठेवायचा.

उद्यमनगरी

भावा खरं आहे, पुष्कळ लोकांनी बोंब मारल्यावर अटींचे शब्द परत बदलले त्यांनी. पण ब्रेव्हनं पण २०२० ला एका क्रिप्टो साईटचा पत्ता टाईप केला की मागं स्वतःच्या कमिशनचा कोड जोडल्ता. पकडल्यावर माफी मागितली आणि काढलं. ब्रेव्ह काढणारा ब्रेंडन आईक हाच जावास्क्रिप्ट बनवणारा आणि फायरफॉक्सवाल्या मोझिलाच्या पहिल्या माणसांपैकी, म्हणजे दोन्ही घरं एकमेकांची पाहुणीच. ब्रेव्ह घेतलं तर त्यातलं रिवॉर्ड्स, वॉलेट असलं सगळं पहिल्यांदा बंद करायचं.

मला विचाराल तर मी फायरफॉक्स वापरतो ते एका कारणासाठी, सगळ्यांनी क्रोमियम घेतलं तर वेबसाईट कशी चालावी हे एकच कंपनी ठरवणार. आपल्याकडं स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ ला गूगलला १३३७.७६ कोटींचा दंड केला, अँड्रॉइड फोनमध्ये आपली ॲपं आधीच बसवून द्यायच्या सक्तीवरनं. लोक क्रोम निवडत न्हाईत हो, फोन घेतला की ते आत बसलेलंच असतंय.

शिरोळची_माती

माझी शिकवण वेगळी आहे. मोबाईलवर सगळे यूसी ब्राउझर वापरायचो, नेट कमी खायचं. २९ जून २०२० ला ५९ चायनीज ॲपवर बंदी आली त्यात ते गेलं. ऊसदर, हवामान, बाजार समितीचे भाव, सगळे बुकमार्क त्याच्यात, नवीन ठिकाणी एक पण आला न्हाई कारण कधी बाहेर काढलेच न्हवते. तेव्हापासनं सहा महिन्यांनी बुकमार्क एचटीएमएल फाईलमध्ये काढून स्वतःलाच मेल करतो. ब्राउझर कुठला पण असू दे, आपला माल त्याच्यात अडकवून ठेवायचा न्हाई.

शाहूपुरीची_आई

मध्येच विचारते, घरी पोरांच्या लॅपटॉपला काय टाकू? चौथीत आणि सातवीत आहेत.

दसरा_चौक_आर्टिकल

ताई, झोहोच्या उलामध्ये किड्स मोड वेगळा आहे, तो बघा. सरकारनं देशी ब्राउझर बनवायची स्पर्धा ठेवल्ती त्यात उलाला मार्च २०२५ मध्ये पहिला नंबर आणि एक कोटीचं बक्षीस मिळालं. आतलं इंजिन क्रोमियमच आहे, पण पोरांना वापरायला अडचण न्हाई.

झेरॉक्स_राजारामपुरी

मंडळी, तीन आठवडे झाले, काय केलं ते सांगायला आलो.

पहिल्या रात्री डाउनलोड्सचा फोल्डर उघडला. ताई, तुम्ही म्हणाला तसंच. एकट्या नव्या पीसीवर चार हजाराच्या वर फाईल. आधार, जातीचे दाखले, कुणाचं घटस्फोटाचं कागदपत्र, एका बाईंचे दवाखान्याचे रिपोर्ट. नावं वाचत गेलो तर निम्मी माणसं रोज समोरनं जाणारी. दोन वाजले पुसायला. ३४० पासवर्ड पण गेले, मोबाईलवर जाऊन खात्री केली.

दोन पीसीवर फायरफॉक्स लावलं, कायम प्रायव्हेट मोड, युब्लॉक. ती टिक मी पण पहिल्या दिवशी विसरलोच, मग ताईंची पोस्ट परत वाचली. हिरवं बटण आता दिसतच न्हाई. नोटिफिकेशनवाला त्रास साईटच्या परवानग्या काढल्यावर थांबला.

एक दिवस मात्र फजिती झाली. परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख, एक पोरगा फी भरायला आल्ता, पैसे भरायचं पान नव्या खिडकीत उघडतंय ते उघडेना, नुसती पांढरी चौकट. पोराचा चेहरा उतरला, मागं सहा जण उभे. दहा मिनिटं झटापट करून शेवटी एजवर केलं, फी गेली, पावती आली. नंतर कळलं पॉपअप अडवल्तं. त्या दिवसापासनं नियम केला, फी भरायची आणि सिग्नेचरचं काम एजवर, बाकी सगळं फायरफॉक्सवर. एजचं पण पासवर्ड सेव्ह आणि ऑटोफिल बंद करून ठेवलंय आणि खिडकी नेहमी इनप्रायव्हेटच (एजची प्रायव्हेट विंडो) उघडायची.

आणि की-बोर्डची तार लांब घेतली. पासवर्ड आता गिऱ्हाईक स्वतः टाकतंय, मी मान वळवून उभा राहतो. पहिल्यांदा लोक म्हणायचे, तुम्हीच टाका की दादा, आम्हाला काय येतंय. एक आजी तर पासवर्डची चिठ्ठीच हातात द्यायला लागल्या. त्यांना म्हटलं, मावशी, चिठ्ठी पिशवीत ठेवा, मी एकेक अक्षर कुठं आहे ते बोटानं दाखवतो. पाच मिनिटं जास्त गेली पण टाकलं त्यांनी.

आता राहिला विंडोज ७ वाला. त्याचं काय करू? क्रोम १०९ नंतर वर जात न्हाई म्हणतंय.

पन्हाळ्याचं_धुकं

दादा, वाचून खरंच बरं वाटलं.

विंडोज ७ वर फायरफॉक्सचं ११५ ईएसआर (जास्त काळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती) चालतं, पण मी म्हणतो त्या मशीनला नेटच नको. नुसतं स्कॅन करा आणि पेन ड्राईव्हनं फाईल दुसऱ्या पीसीवर न्या.

उद्यमनगरी

नायतर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम) टाकून बघू त्याच्यावर, एक्सएफसीईवाली हलकी आवृत्ती, फायरफॉक्स त्यात आधीच असतंय. कंपनीनं नवीन विंडोजला ड्रायव्हर देणं बंद केलेले बरेच जुने स्कॅनर लिनक्सवर चालत्यात. इन्स्टॉल न करता पेन ड्राईव्हवरनं चालू करून आधी स्कॅनर दिसतोय का ते बघता येतंय. मी रविवारी सकाळी मोकळा आहे, पेन ड्राईव्ह बनवून घेऊन येतो. तोवर स्कॅनरचा मॉडेल नंबर टाका इथं, मागच्या बाजूला स्टिकरवर असेल.

झेरॉक्स_राजारामपुरी

या की, दहाच्या आत या म्हणजे गर्दी नसती. स्टिकर झिजलाय, मोबाईलचा टॉर्च मारून बघतो आणि टाकतो नंबर.